टाळू दिसतोय तोवर

बोरखेडीच्या धावपट्टीवर विमानं चार आणि जावई बारा. प्रत्येक विमानाला तीन-तीन.

जावई हे अर्थातच कंपनीने दिलेलं नाव नाही. कंपनीच्या कागदांवर त्याला 'अनुकूली अवतरण-पाद' म्हणतात, पण असं नाव असलेल्या वस्तूला ग्रीस लावताना हात आखडतो. विमान जमिनीवर ज्या पायांवर उभं राहतं, ते हे पाय. नवे पाय बसवले त्याच आठवड्यात वामनकाका मेश्रामांनी बारसं उरकलं. वामनकाका म्हणजे आमच्या हँगरच्या माणसांचे मुकादम. विमान ढकलणं, धुणं, चाकात हवा भरणं हे त्यांचं खातं.

"ऊन लागलं का रुसते, थंडी पडली का आखडते," काका म्हणाले. "ठरलेलं तेल सोडून दुसरं चालत नाही. बाजूला हातोडा आपटला तर लाल दिवा लावते. जावईच आहे हा, राजेहो. लेक तेवढी दिली नाही आपण याले."

मी प्रज्वल गावंडे, इथला मेंटेनन्स इंजिनिअर. विमान उडण्याजोगं आहे अशी सही मी करतो आणि नंतर ते परत येईपर्यंत आकाशाकडे बघत बसतो. माझी आई, कॅप्टन ज्योत्स्ना गावंडे, याच फ्लाइंग स्कूलची मुख्य प्रशिक्षक. घरी मी तिला 'तू' म्हणतो, रेडिओवर 'मॅडम'. चुकून उलट झालं की दोन्हीकडे गोंधळ होतो. एकदा मी तिला जेवणाच्या टेबलावर 'मॅडम, पोळी' म्हणालो होतो आणि तिने सवयीने 'पोळी, रॉजर' म्हटलं होतं.

आता हा जावई नेमका करतो काय, ते सांगतो.

विमानाच्या जुन्या, साध्या पायात तेल आणि दाबलेला वायू असतो. विमान टेकलं की वजनाने पायातला दांडा आत सरकतो, तेल एका बारीक छिद्रातून पिळून निघतं आणि धक्का त्या पिळवटण्यात खर्च होतो. छिद्र केवढं, ते कारखान्यात ठरतं. तुम्ही अलगद टेका नाहीतर धाडकन आपटा, छिद्र तेवढंच. जे पायात मावलं नाही ते तुमच्या कमरेत येतं.

जावयाचं तेल वेगळं. त्यात लोखंडाची अतिशय सूक्ष्म पूड मिसळलेली असते. छिद्राभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की पुडीचे कण रांगेत उभे राहतात आणि ताकासारखं पातळ तेल श्रीखंडासारखं घट्ट होतं. वीज थांबली की परत ताक. हे सगळं पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा होऊ शकतं. इतपत युक्ती जुनीच, मोटारींमध्ये ती कधीच आली होती. नवा होता तो पायातला मेंदू. विमान किती वेगाने खाली येतंय, कोणत्या अंगावर कललंय, हे त्याला टेकायच्या आधीच कळायचं. आणि चालवणारा कोण आहे, हेही. प्रत्येकाचा हात वेगळा थरथरतो. जावई उड्डाणातच तो हात ओळखायचा, या माणसाची नेहमीची चूक कोणती ते आठवायचा आणि तिच्या मापाने तेल घट्ट-पातळ करायची तयारी ठेवायचा.

म्हणजे तो चूक सुधारत नव्हता. ती झाल्यावर लागू देत नव्हता, इतकंच.

परिणाम असा की बोरखेडीत सगळेच उस्ताद झाले. पहिल्या दिवशीचा विद्यार्थीसुद्धा कापसाच्या ढिगावर मांजर उतरावं तसं विमान उतरवायला लागला. एकाने ऐन टेकताना सलग शिंका दिल्या, तरी मागे बसलेल्या त्याच्या मामांची झोप मोडली नाही. पूर्वी गावातली माणसं संध्याकाळी कुंपणापाशी येऊन विद्यार्थ्यांची आपटाआपटी बघायची आणि गुण द्यायची. जावई आल्यावर ती कंटाळून क्रिकेटकडे वळली. प्रशिक्षकांना शिकवण्यासारखं फारसं राहिलं नाही. आई प्रत्येक लँडिंगनंतर 'छान' म्हणायची आणि उरलेला वेळ विद्यार्थ्यांच्या बुटांच्या पॉलिशवर घालवायची.

या सगळ्यात नुकसान एकच झालं आणि ते कोणाला दिसत नव्हतं. तुम्ही रोज भाजी करता आणि कोणीतरी गुपचूप मीठ नीट करून ठेवतं, असं वर्षानुवर्षं चाललं तर काय होईल? भाजी उत्तमच होत राहील. हात मात्र जाईल.

आईचा हात गेला होता.

हे मला कळलं कारण जावई दर महिन्याला मला आकड्यांत सांगायचा, कोणासाठी त्याला किती कष्ट पडले ते. विद्यार्थ्यांसाठी पडायचे तेवढे पडतच होते. पण सगळ्यांत जास्त कष्ट, आणि दर महिन्याला वाढत जाणारे, आमच्या मुख्य प्रशिक्षकांसाठी पडत होते. उघड आहे, सगळ्यांत जास्त उडायचीही तीच. विमान उतरवताना अगदी शेवटी, जमिनीलगत आल्यावर नाक हळूच उचलून ते तरंगत ठेवायचं असतं. वेग मरतो आणि चाकं आपोआप टेकतात. आई नाक उचलायची सुरेख, पण फार वर उचलायची. चाकं जमिनीपासून माणसाच्या छातीइतकी वर असतानाच ती समजायची, झालं, टेकलो. विमान तिथून पडायचं आणि जावई ते झेलायचा. आत बसलेल्यांना वाटायचं, काय लोण्यासारखं उतरवलं!

मी हे तिला सांगितलं. जेवताना सांगितलं, ही चूकच झाली.

"यंत्र बिघडलंय," आई म्हणाली.

"यंत्र तपासलं मी."

"मग तपासणारा बिघडलाय."

"आई, तू छातीच्या उंचीवरून सोडून देतेस विमान. दर वेळेस."

"तू पोटात होतास ना, तेव्हा मी आडव्या वाऱ्यात एका चाकावर उतरवलंय. काहून, कोणता जावई होता तेव्हा?"

"तेव्हाचं मी कुठं म्हणतोय? आत्ताचं सांगून राहिलो."

"अहो," आई बाबांना म्हणाली, "याला सांगा, जेवताना मशीनचं नाव काढायचं नाही."

"मशीनचं नाव काढू नको," बाबांनी वांग्याच्या भाजीतून मान वर न करता सांगितलं.

"बाबा, तिला सांगा, एकदा जावई बंद करून उतरवून बघ म्हणावं."

"एकदा जावई बंद करून—"

"ऐकलं मी," आई म्हणाली आणि उठली.

त्या दिवसापासून अबोला. घरात सगळा व्यवहार बाबांमार्फत चालायचा. बाबा निवृत्त पोस्टमास्तर असल्यामुळे त्यांना यात काही नवीन वाटलं नाही. पंचाईत कामावर झाली. आमच्याकडे टॉवर नाही. हँगरच्या दारात एक टेबल, टेबलावर रेडिओ, आणि रेडिओसमोर त्या वेळी जो रिकामा असेल तो. बहुतेकदा मीच. विमानाने विचारलं तर उत्तर देणं सक्तीचं, त्यामुळे रोज सकाळी माझी जन्मदात्री मला वाऱ्याची दिशा विचारायची, मी सांगायचो आणि ती 'समजलं' म्हणायची. आठवडाभर आमच्यात तेवढंच बोलणं होतं. दोघांचंही म्हणणं पहिल्यांदाच समोरच्याला नीट ऐकू जात होतं.

मग ती सकाळ आली. त्या सकाळी जे झालं ते मुंग्यांमुळे झालं. आम्हाला हे नंतर कळलं, पण तुम्हाला ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्याचं असं. दिवाळीत वामनकाकांनी जावयांचा दिवाळसण केला. चार विमानांच्या बाराही पायांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं, चाकावर अनारशाचा तुकडा ठेवला. मी बघत होतो. 'काका, हे काय?' असं विचारलंही. "आता जावई म्हटला तर पाय नाही धुवाचे काय?" काका म्हणाले. मी मॅन्युअल काढून पाहिलं. त्यात पेट्रोल, थिनर आणि ॲसिडने पाय धुवायला सक्त मनाई होती. दुधाबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. लिहिणारा माणूस युरोपातला असावा. पुढचा महिनाभर बाराही पायांत एकही बिघाड निघाला नाही, त्यामुळे काकांनी हा कार्यक्रम दर सोमवारी सुरू केला. साखर घालून.

पायाच्या गुडघ्यापाशी एक छोटी डबी असते, तिच्यात खटका असतो. पाय पूर्ण खाली येऊन पक्का अडकला की खटका दाबला जातो आणि वैमानिकासमोर हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन दिवे. चार नंबरच्या विमानाच्या डाव्या पायातल्या डबीत मुंग्यांनी बिऱ्हाड केलं होतं. विमानशास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं, गोड ठाऊक होतं. त्या खटक्यातल्या दोन पत्र्यांच्या मधोमध चिरडून मेल्या आणि पत्रे एकमेकांना टेकेनात.

हे आत्ता तुम्हाला माहीत आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं. मला रेडिओवर फक्त आईचा आवाज ऐकू आला.

"बोरखेडी, चार नंबर. दोन हिरवे. डावा नाही."

कुकरच्या दोनच शिट्ट्या झाल्या हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

"चार नंबर, बल्ब बदलून बघा."

"बदलला."

"पाय वर घेऊन परत खाली—"

"दोनदा केलं."

"पाय उतरवायच्या हातपंपाने—"

"मारला. डॉक्टरांनी मारला."

"चांगला जोर लावला मी," दुसरा आवाज आला. "अक्कलदाढेला लावतो तेवढा."

हे डॉ. लांजेवार. अमरावतीचे दंतवैद्य. चाळिशीत त्यांना उडायची हौस आली आणि जावयाच्या कृपेने आजपर्यंतचं त्यांचं प्रत्येक लँडिंग 'छान' होतं. दोघं लांबचा सराव करून परतत होते. टाकीत जेमतेम पाऊण तासाचं इंधन होतं आणि मोठा विमानतळ त्याच्या पलीकडे होता.

मी तिला धावपट्टीवरून खालून उडत जायला सांगितलं आणि दुर्बीण लावली. डावा पाय सरळ दिसत होता. पण सरळ दिसणारा पाय अडकलेला असेलच असं नाही. नुसता लोंबकळत असेल तर वजन पडल्याबरोबर मुडपतो, पंख जमिनीला घासतो आणि विमान त्या बाजूला गरगर फिरतं. तेल, ठिणगी आणि पेट्रोल यांची गाठ पडायला तेवढं पुरतं.

"सरळ दिसतोय, मॅडम. अडकलाय का, ते सांगता येत नाही."

"समजलं. आणि पिवळा लागलाय."

पिवळा दिवा म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं. एका पायाची खात्री नसेल तर जावई तिन्ही पायांत झोपतो. नाहीतर दोन पाय मऊ आणि एक कडक, असं होऊन विमान लंगडेल. म्हणजे तिन्ही पाय आता जुन्या पद्धतीचे, साधे. आपटलं तर सगळा धक्का त्या संशयित डाव्या गुडघ्यावर. अलगद टेकवलं, उजव्या चाकावर आधी आणि डावं शेवटपर्यंत उचलून धरलं, तर कदाचित काहीच होणार नाही. छातीच्या उंचीवरून सोडून दिलं, तर होईल.

चार नंबर संत्र्यांच्या बागांवरून संथ घिरट्या घालत होतं. वामनकाका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि टोपी काढून परत घातली.

"मॅडम," लांजेवार म्हणाले, "मी उतरवू का? माझं रेकॉर्ड चांगलं आहे."

"डॉक्टर, तुमचं रेकॉर्ड तुमचं नाही," आई म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "बाबू."

रेडिओवर 'बाबू' म्हणायची पद्धत नाही.

"बोल," मी म्हणालो.

"त्या दिवशी तू काहीतरी सांगत होतास. मी ऐकलं नाही."

"तू नाक उचलतेस ते बरोबर. पण वर उचलतेस. तिथेच टेकलीस असं वाटतं तुला."

"किती वर?"

"चाकं माझ्या छातीएवढी वर असतात."

"तू उभा असताना?"

"उभा असताना."

"दर वेळेस?"

"दर वेळेस नाही." मला खोटं बोलता आलं असतं. "कधीकधी डोक्याएवढी."

चार नंबरने बागांवर आणखी एक घिरटी घातली.

"मला इथून तर सगळं नेहमीसारखंच दिसतं," ती म्हणाली. आवाज तसाच शांत होता, पण मी तिला आयुष्यात पहिल्यांदा सल्ला विचारताना ऐकत होतो. "चूक कुठे झाली हे डोळ्यांना कळेना तर काय करायचं रे?"

मी टेबलाला टेकून उभा होतो. समोर सपाट धावपट्टी, सपाट गवत, त्यापलीकडे सपाट कापूस. उंची मोजायला डोळ्याला धरायला काहीच नाही. कागदावर मी तिला मीटर सांगू शकत होतो, पण शेवटच्या दोन सेकंदांत मीटर कोण वाचतं? तिला मीटर नको होता. तिला ओळखीचं काहीतरी हवं होतं.

"आई, मी गवतात येऊन उभा राहतो," मी म्हणालो. "चाकं जमिनीवर असली की तुझे डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला येतात. रोज बघतेस तू, टॅक्सी करत, चाकांवर माझ्यासमोरून जाताना. क्षितिज ज्या ठिकाणी माझ्यावरून जातं, तेवढी तुझी उंची. माझ्या डोक्याच्या वरून जात असेल, माझा टाळू दिसत असेल, तर तू अजून हवेत आहेस. सोडायचं नाही. धरून ठेव. डोळे दिसले की जमीन."

"एक माणूस तर झपकन मागे जाईल."

"मग रांग लावतो."

असं वाक्य बोलून झाल्यावर माणसाला रांग लावावी लागते. काकांनी शिट्टी मारली. हँगरमधले, कँटीनमधले, ऑफिसातले, गेटवरचे सगळे आले. मी त्यांना धावपट्टीच्या उजव्या बाजूला, गवतात बरंच आत, ओळीने उभं केलं. पाय मुडपला तर विमान डावीकडे फिरेल, म्हणून उजवी बाजू. मग लक्षात आलं की माणसं एका उंचीची नसतात. हे शाळेत प्रार्थनेला माहीत असतं, नंतर विसरायला होतं. अकाउंट्सच्या नंदेश्वर मॅडमना विटांवर चढवलं. कँटीनचा उंच आचारी गुडघ्यात वाकून उभा राहिला. वामनकाकांना तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभं केलं, तर ते टाचा उंचावू लागले.

"काका, टाचा खाली. माप चुकेल."

"फोटोले उभं राहून राहून सवय झाली बापा," काका म्हणाले आणि टाचा टेकल्या.

मी हातातला रेडिओ घेऊन रांगेच्या टोकाला, जिथे तिने टेकायला हवं तिथे उभा राहिलो.

"कोण कुठे उभं आहे?" आईने विचारलं.

"सगळे उजवीकडे."

"अजून मागे व्हा."

आम्ही मागे झालो.

"अजून."

"आई, फार मागे गेलो तर मी मुंगीएवढा दिसेन."

"दिस. पण मागे हो."

शेवटी तिच्या मायेचं आणि भूमितीचं एका ठिकाणी जमलं. ती न टेकता एकदा नुसती वरून गेली, सराव म्हणून. इंजिनाचा आवाज छातीतून गेला. काकांची टोपी उडाली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"वरून टक्कल पडायला लागलंय तुला."

"म्हणजे किती वर होतीस?"

"तेच सांगतेय. इथे मी नेहमी सोडते." आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, "माय गं. किती वर आहे हे."

दुसऱ्या वेळी ती अजून खाली आली. रांगेतल्या नंदेश्वर मॅडमनी डोळे मिटले. मी ओरडलो, डोळे उघडा, तिला डोळे दिसायला हवेत. खरं तर डोळे उघडे असण्याचा काही संबंध नव्हता. पण सगळ्यांनी डोळे मोठे केले.

"चार नंबर, आता उतरते," आई म्हणाली. "डॉक्टर, हात मांडीवर."

"मॅडम, काही दुखलं तर—"

"तर सांगा. ऐकून घेईन नंतर."

चार नंबर कापसावरून आलं. वारा नव्हता. पट्टीच्या सुरुवातीला तिने इंजिन कमी केलं, नाक उचललं, सुरेख, नेहमीसारखं, आणि नेहमीसारखंच वर. मला चाकांखालची मोकळी हवा दिसत होती. माझ्या छातीएवढी. हीच ती जागा, जिथे तिचा हात आजवर ढिला पडत आला होता.

"टाळू," मी रेडिओत म्हणालो. "आई, टाळू दिसतोय."

विमान पडलं नाही. ते तिथेच अडकल्यासारखं तरंगलं, मग इंजिन जरासं गुरगुरलं आणि सगळं प्रकरण हळूहळू, अनिच्छेने खाली यायला लागलं. नंदेश्वर मॅडम गेल्या. आचारी गेला. काका गेले. चाकं मांडीएवढी, मग गुडघ्याएवढी. काचेमागे आईचा चेहरा दिसला. ती समोर बघत होती, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून आमच्याकडे. क्षणभर आमचे डोळे एका उंचीवर आले.

उजवं चाक टेकलं. किंचाळलं, उडालं, परत टेकलं. लोणी नव्हतं ते. खडी होती. तिने विमान उजव्या अंगावर कललेलं धरून ठेवलं, वेग मरेपर्यंत, पंखात जीव होता तोवर. मग जीव संपला आणि डावा पाय खाली आला.

आम्ही सगळे तो पाय बघत होतो.

तो उभा राहिला.

विमान पट्टीच्या शेवटी जाऊन थांबलं. पंखा थांबला. दार उघडून लांजेवार खाली उतरले, जमिनीवर दोनदा पाय आपटून पाहिला आणि गवतात जाऊन बसले. आई उतरायला वेळ लागला.

मी धावतच गेलो, पण आधी विमानाकडे. ही आमच्या धंद्यातली सवय आहे, मला तिची लाज वाटली नाही. पंखाखाली टेकू लावला, डाव्या पायाची डबी उघडली आणि आत पाहिलं. तिथे काळ्या मुंग्यांची बारीक, कुरकुरीत भुकटी होती. पाय पहिल्यापासून पक्का अडकलेला होता.

"म्हणजे काहीच झालं नव्हतं?" माझ्या डोक्यावरून आईचा आवाज आला. ती वाकून टॉर्च धरून उभी होती. टॉर्च कधी घेतला ते मला कळलं नाही.

"पायाला काही झालं नव्हतं," मी म्हणालो.

वामनकाका लांबूनच डबीकडे बघत होते. "जावयाले नाही, मुंग्यांले खाऊ घातलं मी," ते पुटपुटले आणि कापडाचा बोळा घेऊन एक नंबरच्या विमानाकडे गेले. उरलेल्या अकरा डब्या त्यांनी त्या दुपारी स्वतः पुसल्या.

आई पायाशी उकिडवी बसली. आपटलेल्या विमानाचा पाय तपासायचा तर दांड्यावर बोट फिरवत चीर शोधावी लागते, सांध्यांभोवती रंग तडकलाय का ते बघावं लागतं. मी बोट फिरवत गेलो आणि ती उजेड सरकवत गेली. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. हा अबोला नव्हता. अबोल्यात माणूस टॉर्च धरत नाही.

"कसं झालं?" शेवटी तिने विचारलं.

तीस वर्षं ती इतरांना हे सांगत आली होती. तिला विचारायची वेळ आली नव्हती.

"जावई झोपला होता, त्यामुळे आकडा नाही," मी म्हणालो.

"तू तर जागा होतास ना?"

"भयानक होतं. टेकून परत उडालं. आणि दुसऱ्यांदा टेकलीस तेव्हा गुडघ्याच्याही वरून."

"मांडीएवढं?"

"मांडीच्या खाली."

ती विचार करत बसली. तिच्या कपाळावर घाम वाळून मिठाची रेघ उमटली होती. मला वाटलं, आता ती उठेल, घरी जाईल, बाबांना सांगेल की आता पुरे. वय झालं, असं म्हणायला तिला चांगलं कारण मिळालं होतं आणि कोणीही तिला अडवलं नसतं. मीही नसतं अडवलं, बहुतेक.

"छातीवरून मांडीवर आले म्हणजे," ती म्हणाली. "एका सकाळीत."

"हो."

"दोन नंबरमध्ये इंधन आहे?"

"आहे. पण काकांचं पुसून व्हायचंय. आणि पायांची तपासणी—"

"कर ना. मी थांबते." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "झालं की त्याचे तिन्ही जावई बंद कर. किल्ली लावून. मी मध्येच विरघळले आणि चालू कर म्हटलं, तर करू नको."

"करणार नाही."

"डॉक्टर!" तिने गवताकडे पाहून हाक मारली. "तुम्हाला लँडिंग येत नाही. मलाही येत नाही. बसायचं का शेजारी?"

लांजेवारांनी हात वर केला. होकार होता की शरणागती, ते लांबून कळलं नाही.

गवतातली माणसं पांगायला लागली होती. आचारी गुडघे चोळत कँटीनकडे निघाला होता, नंदेश्वर मॅडम विटांवरून उतरून चप्पल शोधत होत्या. आईने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"कोणी हलू नका रे," ती ओरडली. "रांग तशीच राहू द्या!"